शेवरगडाचं तूप

लेकाच्या भातावरी, तूप थेंबानं वाढिते,
बाई, शेवरगडाला घडा भरून धाडिते.

रवीच्या घरघरीवर तरंगणारा आईचा तो आवाज शेवरगडाचे हवालदार दावलजी शेलार यांना त्या पहाटे तटावर उभं असताना पुन्हा ऐकू आला. पूर्वेला तांबडं फुटत होतं. दरीतलं धुकं ताकासारखं हलत होतं, आणि ते विरत गेलं तसतसे गडाला वेढा घालून बसलेल्या शत्रूचे तंबू दिसू लागले. आदल्या दिवशीचा हल्ला गडकऱ्यांनी परतवला होता खरा. पण घोड्यांच्या रिकाम्या पागेत जखमी माणसं दाटीनं पडली होती, आणि त्यांत दावलजींचा धाकटा भाऊ रायाजी होता. भाल्यानं त्याची मांडी उघडली होती.

गडाच्या पोटात खडकात कोरलेलं तुपाचं टाकं होतं. जितकं जुनं तूप, तितकं जखमेला गुणकारी. म्हणून पायथ्याच्या गावांतल्या बायका पिढ्यान् पिढ्या लेकरांच्या तोंडचं राखून त्या टाक्यात घडे रिते करीत आल्या होत्या. झाकणाला कुलपं दोन. एकाची किल्ली हवालदारांच्या कमरेला, दुसऱ्याची कारखानीस नारोपंतांच्या.

या नारोपंतांविषयी काय सांगावं! अंगावर पांढरंशुभ्र उपरणं, बोटांत पुष्कराज, बोलणं असं की ऐकणाऱ्याला पान खाल्ल्यासारखं वाटावं. गडाची सारी कोठारं त्यांच्या हाती. गड उपाशी राहिला तरी पंतांचं पोट कधी उपाशी राहिलं नव्हतं. त्या सकाळी सदरेवर त्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं.

"दावलजीराव, शत्रूचा वकील कौल घेऊन दरवाजाशी उभा आहे. गड खाली करा, माणसं सुखरूप जाऊ देतो म्हणतो. पागेतले ते बिचारे जीव पाहून माझं तर काळीज तुटतं हो!"

वेढा पडल्यापासून पंत पागेकडे एकदाही फिरकले नव्हते. दावलजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"काळीज तुटत असेल तर किल्ली काढा, पंत. टाकं उघडू."

"आज? आज तिथी चांगली नाही. शिवाय हुजुरांच्या आज्ञेवाचून..."

"किल्ली, पंत."

टाक्याच्या भुयारात दोघंच उतरले. झाकण सरकलं. दिवटीच्या उजेडात पिवळंधमक, गोठलेलं तूप काठोकाठ दिसलं. वर्षाच्या वर्षाला हुजुरांचे पाहणीदार याच काठावर उभे राहात, वाकून वास घेत, आणि पंतांच्या घरी पुरणपोळी जेवून परत जात. दावलजींनीही दर वेळी एवढंच पाहिलं होतं.

"पाहिलंत? उगाच शंका," पंत हसले.

"छान! दगडासारखं गोठलंय. आता त्यावर उभे राहा."

"म्हणजे?"

"पिढ्यांचं तूप आहे. तुमचं वजन सहज पेलेल. उतरा."

पंतांचं हसू ओठांवरच वाळलं. पाय मात्र उचलला गेला नाही. दावलजींनी हातातला भाला उभा धरून टाक्यात सोडला. पिवळी साय टचकन फुटली, भाला सरसर खाली गेला, आणि त्या भोकातून गार, निर्मळ पाणी बुडबुडत वर आलं. वीतभर तूप, आणि खाली तळापर्यंत पाणी!

"पावसाळ्यात झिरपलं असेल," पंत पुटपुटले.

"आणि तूप आटून वर गेलं असेल! किती सुगरण पाऊस हो आमच्या गडावरचा!"

मग पंतांनी सोंग टाकलं, आणि त्यांचं खरं रूप सोंगाहूनही ओंगळ निघालं. "एकट्यानं खाल्लं नाही मी. तुमच्या आधीच्या हवालदारांची किल्लीही यात फिरली आहे. वाटा वरपर्यंत जातो. कुठल्या गडावर असं चालत नाही? आणि शहाणे असाल तर ऐका. खाली केलेल्या गडाची झडती कोणी घेत नाही. गड द्या, पाणी शत्रूच्या नावावर जाईल. तुम्ही सुटाल, मीही सुटेन."

अशा माणसावर तलवार उपसणं हा तलवारीचाच अपमान होता. दावलजींनी त्याला त्याच्याच कोठारात कोंडलं, वकिलाला दरवाजावरूनच निरोप दिला, आणि वीतभर साय खरवडून पागेत आणली. ती सर्वांना पुरणार नव्हती. ज्यांच्या जखमा हलक्या होत्या, जे तटावर परतू शकत होते, त्यांना ती लावली. मग पागेच्या मध्यभागी उभं राहून ते मोठ्यानं म्हणाले, "गड्यांनो, टाकं भरलेलं आहे! जखमेची भीती धरू नका!"

रायाजीच्या मांडीवर त्यांनी लिंबाचा पाला वाटून बांधला.

"दादा, तूप लावलंस ना? जुन्या तुपाला उग्र वास असतो म्हणतात. मला येत कसा नाही?"

"तापानं नाक बसलंय तुझं. झोप."

"आईचा घडाही असेल यात," रायाजी म्हणाला, आणि हसला.

त्या भरवशावर माणसं लढली. फुटक्या बुरुजावर छातीचा कोट करून उभी राहिली, आणि दावलजी सर्वांत पुढे, जणू प्रत्येक घाव आपल्याच अंगावर घ्यायला निघालेले. अखेर नगारे वाजवीत हुजुरांची कुमक आली आणि वेढा उठला. रायाजी मात्र ते नगारे ऐकायला उरला नाही.

कुमकेबरोबर गडाच्या कोठारांच्या चौकशीला आले अंताजीपंत, म्हणजे नारोपंतांचे सख्खे व्याही. व्याह्यांना कोठारातून काढून, आंघोळ घालून त्यांनी सदरेवर आपल्या शेजारी बसवलं. समोर अवघा गड जमला होता. पुढच्या रांगेत काठ्यांवर तोललेले जखमी होते, त्यांच्यामागे रायाजीची बायको.

"हवालदार," अंताजीपंत लोण्यासारख्या आवाजात म्हणाले, "टाकं रितं का, हे उघड आहे. तूप जखमींच्या कामी आलं. आपण स्वतःच तसं सांगत होता, सारा गड साक्षीला आहे. आता तेच एकदा सदरेवर बोला. हुजूर पायथ्याचं गाव आपल्याला इनाम देणार आहेत."

नारोपंतांनी पुष्कराज सारखा केला आणि पान जुळवायला घेतलं.

दावलजींनी जखमींकडे पाहिलं. यांना खोटं सांगून लढवलं होतं. आता तेच खोटं या दोघांच्या अंगावर उपरणं म्हणून घालायचं! त्यांनी कमरेची किल्ली काढून अंताजीपंतांच्या पुढ्यात टाकली.

"इनाम राहू द्या," ते म्हणाले. मग सदरेकडे पाठ करून ते माणसांकडे वळले, आणि भावजयीच्या डोळ्यांना डोळे भिडवून बोलले, "मी तुम्हांला फसवलं. आपल्या आयांनी धाडलेलं तूप या माणसानं विकून खाल्लं. टाक्यात पाणी होतं, बाई. रायाजीला मी तूप लावलंच नाही."