अर्ध्या गुंजेचा पडसाद

प्रयोगशाळेच्या टेबलावर तीन शोधयंत्रं ओळीने मांडली होती. डॉ. शेवंताबाई झारेकर त्यांच्याकडे सून पसंत करायला निघालेल्या सासूसारख्या पुन्हा पुन्हा पाहत होत्या. डाव्या कानाची पाळी चिमटीत धरून चोळायची त्यांची जुनी खोड. लहानपणी कान पिकला होता, तेव्हापासून तिथे बारीक गाठ होती. राग आला की बोट आपोआप तिथे जाई. आज सकाळपासून बोट तिथून हललं नव्हतं.

"बाई, कान तुटून हातात येईल," मुजावर म्हणाले. इक्बाल मुजावर हे त्यांचे वीस वर्षांपासूनचे सहकारी. "कुठलं न्यायचं ते ठरवा. सकाळी कराड गाठायचंय."

"तुम्हीच सांगा. जमीन काळी, लोखंडी कणांनी भरलेली. वर शंभर वर्षांचं मुरलेलं पाणी, म्हणजे क्षार. आणि शोधायची काय, तर अर्ध्या गुंजेची सोन्याची तार. दोन-तीन तांदळांच्या वजनाची."

मुजावरांनी पहिल्या यंत्रावर टिचकी मारली. "हे सततलहरी यंत्र. बारीक सोन्याला कान तिखट, पण लोखंडी मातीत याला वेड लागतं. पावलोपावली ओरडेल. दुसरं स्पंदयंत्र. चुंबकी ठोका देतं, थांबतं आणि मग जमिनीतला पडसाद ऐकतं. मातीला फसत नाही, पण ऐकतं उशिरा. मोठ्या सोन्याचा पडसाद देवळातल्या घंटेसारखा रेंगाळतो. बारक्याचा चुटकीसारखा. हे कान देईपर्यंत तो विरलेला असतो."

"राहिलं आपलं."

आपलं म्हणजे तिसरं, क्षणश्रवण यंत्र. शेवंताबाईंनी त्यात आयुष्याची अठरा वर्षं घातली होती. ठोका संपताच, एक मायक्रोसेकंद उलटायच्या आत ते ऐकू लागे.

"पण इतक्या लवकर ऐकायचं म्हणजे गलबला फार," मुजावर म्हणाले. "मातीचा, मिठाचा, माणसाच्या अंगातल्या पाण्याचासुद्धा."

"म्हणून तर मृदा-समतोल. आधी यंत्राला जागेवर धरून शिकवायचं, की बाबा, आत्ता जे समोर आहे ती शांतता. त्याच्यावर काही चढलं तरच बोल."

"म्हणजे शिकवताना जे हजर असेल, ते याच्या लेखी नसतंच."

"नसतंच. मग ते सोनं का असेना! त्या सराफी पेढीतली सोन्याची धूळ जमिनीत सगळीकडे सारखी मुरलीय. ती त्या शांततेत जाईल. उरेल फक्त माझी तार."

समतोल लावायचं काम त्या कुणाला देत नसत. गुडघे टेकायच्या, डावा कान यंत्राच्या थाळीशी न्यायच्या आणि एक एक खटका फिरवत राहायच्या. लहानपणी कानात घातलेली, पुढे आईने फिल्मच्या रिकाम्या डबीत जपलेली सोन्याची तार थाळीखाली धरून त्यांनी तिचा पडसाद यंत्राला पाठ करून दिला होता. हरवलेला तुकडा त्याच जाडीला ओढलेला, त्याच कसाचा होता.

त्या पाच वर्षांच्या होत्या तेव्हाची गोष्ट. आबा म्हणजे त्यांचे वडील, गणू झारेकरी. सराफांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, नदीवर घमेल्यात धुवायचा आणि त्यातून सोन्याचे कण काढायचे, हा पिढीजात धंदा. महिनाभराचे कण मोजून देऊन त्यांनी लेकीला कान टोचायला धारशिव्यांच्या पेढीवर आणलं. टोचायला बसला धारशिव्यांचा धाकटा, पद्माकर. उजवा कान झाला. डाव्याला पोरगी हिसडली, तार मोडली, रक्त आलं. त्याने दुसरी तार ओवली. आबा तिला कडेवर घेऊन पायरी उतरत होते, तेवढ्यात आतून हाक आली, "थांब रे! मोडलेली तार अर्धी गुंज कमी भरतेय."

मग भर सराफकट्ट्यावर, पेढीच्या पायरीवर, आबांना धोतर फेडायला लावलं. डोक्याचे केस विंचरून पाहिले, तोंडात बोटं घालून चाचपलं. काहीच सापडलं नाही. तरी पद्माकर ओरडला, "झारेकऱ्यानं अर्धी गुंज गिळली!" कट्ट्याच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. त्यानंतर आबांना एकाही दुकानाचा केर मिळाला नाही. ते नदीवर जात आणि नुसतीच वाळू धूत बसत. धुता धुताच गेले.

शेवंताबाईंनी त्या दिवसापासून अंगाला सोनं लावलं नाही. तार त्या पेढीतल्याच एखाद्या फटीत असणार, ती शोधायची आणि त्याच पायरीवर, त्याच माणसाच्या हातावर ठेवायची, एवढ्या एका इच्छेवर त्यांनी शिष्यवृत्त्या मिळवल्या, पदव्या घेतल्या. आता रस्तारुंदीत पेढी पाडणार होते आणि धारशिव्यांना जमिनीतलं सोनं हवं होतं. शेवंताबाईंनी काम फुकट करून द्यायचं कबूल केलं. अट एकच, दारं सताड उघडी हवीत.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर ही गर्दी! पद्माकरशेट आता पंच्याऐंशीचे. काळी टोपी, हातात काठी, जीभ मात्र अजून तिखट.

"गणूची पोर ना तू? पत्रावरचं नाव वाचलं तेव्हाच ओळखलं. यंत्र जुळवेपर्यंत तू उंबऱ्याबाहेर उभी राहा. आत कण टाकशील आणि सापडला म्हणशील. तुमची जात मला ठाऊक आहे."

शेवंताबाईंचं बोट कानाकडे गेलं. "मुजावर, समतोल तुम्ही लावा," त्या म्हणाल्या आणि आबा जिथे उभे होते त्याच पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

मुजावरांनी समतोल लावला. मग शेवंताबाई आत आल्या, पहिल्या फरशीशी गुडघे टेकून वाकल्या आणि यंत्र खणखणून वाजलं.

फरशी उचलली. माती चाळली. काही नाही. शेवंताबाई उठून बाजूला झाल्या तशी थाळी गप्प झाली. पुन्हा वाकल्या, पुन्हा वाजली.

शेटजींनी काठी आपटली. "तिच्या अंगावर आहे! सांगत नव्हतो? बापाचीच लेक! घ्या झडती!"

गर्दी पुढे सरकली. मुजावर यंत्राच्या पडद्याकडे पाहत होते. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बाई, तार आहे. अर्धी गुंज. पडसाद डबीतल्या तारेशी जुळतोय, तंतोतंत."

"वेड लागलंय का? आजवर शंभर वेळा मी याच्यावर वाकलेय, कधी वाजलं नाही."

"कारण शंभर वेळा समतोल तुम्हीच लावलात. थाळीशी कान नेऊन. आज पहिल्यांदा तुम्ही बाहेर होतात."

शेवंताबाईंनी थाळी स्वतःच उचलली. पदराशी नेली. गप्प. उजव्या कानाशी. गप्प. डाव्या कानाशी नेली आणि पेढी दणाणली. बोटाखालची सत्तावन्न वर्षांची गाठ तिथेच होती. रागाने त्या जी चोळत आल्या, तीच.

त्या हसल्या. ते हसू पाहून पुढे सरकलेली गर्दी मागे झाली.

"शेट, झडती झाली. सोनं सापडलं. हे माझ्या कानात कुणी घातलं, सांगता का या सगळ्यांना?"

समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिथेच पाळी बधिर करून छोटा छेद दिला. चिमट्यात तांदळाएवढं पिवळं काही चमकलं.

शेटजी पुटपुटले, "तेव्हाच बोलायचंस, पोरी..."

"मी पाच वर्षांची होते, शेट. तुम्ही अठ्ठावीस." कानावर कापूस दाबून त्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. "काटा बाहेर आणा. तुमचाच. आणि तुमच्याच हातानं तोला."

काटा आला. शेटजींनी तार पारड्यात ठेवली आणि समोर वजन घातलं. त्यांनी एकदा गर्दीकडे पाहिलं आणि नकळत धोतराचा सोगा मुठीत घट्ट धरला.

"घाबरू नका," शेवंताबाई म्हणाल्या. "कपडे नाही उतरवायचे. तोंड तेवढं उघडायचं. किती भरलं, ते कुठून निघालं आणि कुणी घातलं होतं."

"अर्धी गुंज," शेटजी कसेबसे म्हणाले. "गणूनं... गणूनं नव्हती घेतली."

शेवंताबाईंनी कट्ट्याच्या टोकाकडे पाहिलं. शेवटच्या दुकानातला कारागीर खाली मान घालून काम करत होता.

"मोठ्यानं, शेट. त्या शेवटच्यानं मान वर केली नाही अजून."