पाठीवरची पट्टी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ही थाप नाही. यातली थोरली सिस्टर, म्हणजे नर्स, माझ्या नात्यातली आहे आणि अजून जिवंत आहे.

वृद्धाश्रमाचा तळमजला. रविवारची टळटळीत दुपार.

तिथे असह्य दुखण्यावरच्या पट्ट्या दोन कुलपांच्या कपाटात असत. पट्टी पाठीवर चिकटवायची, औषध कातडीतून मुरतं. कपाट उघडताना आणि पट्टी लावताना दोन सिस्टर हव्यातच, असा नियम. पण धाकट्या सिस्टरने आपली किल्ली थोरलीच्या हवाली केली होती.

"तुमच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा, ताई?"

आणि कुंपणानेच शेत खाल्लं.

म्हातारी माणसं उचलून उचलून थोरलीच्या कमरेचा भुगा झाला होता. कोपऱ्यातल्या खोलीत शिंपीकाका. हाडांचा कॅन्सर, वाचा गेलेली. त्यांची पट्टी ती स्वतःच्या कमरेवर लावायची. काकांना साधी चिकटपट्टी.

'सांगणार कुणाला?' ती मनात म्हणायची.

काका उशी चावत चावत मेले.

पुढे थोरलीची स्वतःची आई त्याच खोलीत आली. तोच आजार. थोरलीने तिला खरी पट्टी लावली.

दुपारी आई विव्हळू लागली. पाठ पाहिली तर...

कोरी.

चादर झटकली, गादी उलटली. पट्टी नाही.

"आई, कुणी काढली गं?"

"तो आला होता. बोलत नाही बिचारा. बोटं फार गार आहेत त्याची."

नवी लावली. तीही गेली.

त्या रविवारी थोरलीने दाराला आतून कडी घातली. आईच्या पाठीवर शेवटची पट्टी लावली आणि वर आपला तळहात दाबून धरला.

पंखा थांबला...

चर्र...

चिकटपट्टी सावकाश सोलल्याचा आवाज. अगदी तिच्या हाताखालून.

मग तळहाताला नुसती कातडी लागली.

"लाव गं बाई, लाव ना," आई रडू लागली.

थोरली धडपडत उठली. उठताना कमरेत नेहमीची कळ आली नाही. तिने घाबरून पाठ चाचपली...

पट्टी तिच्याच पाठीवर होती.

तिने ओढली, नखांनी खरवडली. रक्त आलं, पट्टी निघाली नाही. आई ओरडतच गेली.

आज थोरलीचं काहीच दुखत नाही. मी तिच्याकडे एकदाच मुक्कामाला राहिले. ती शांत झोपली होती. शेजारच्या रिकाम्या खोलीतून मात्र कुणीतरी सारखं म्हणत होतं...

"लाव गं बाई, लाव ना."