चढावरची मॉरिस

गाडीचा सायलेन्सर बदलायला आम्ही डिचोलीला गेलो होतो. एवढ्याशा कामापासून ही गोष्ट सुरू होते. पूजा, तो दिवा जरा अलीकडे घे. घाबरायचं असेल तर शेवटी घाबर, आधी नुसतं गॅरेज आहे.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षाचा पाऊस नुकताच संपला होता. पेडण्याच्या बाजारात मराठी की कोकणी यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. आमच्या घरात मात्र एकाच वाक्यात दोन्ही भाषा सुखाने नांदत होत्या. मी पेडण्याच्या शाळेत शिकवायची. तुझे काका यशवंत डिचोलीला खाणीच्या ऑफिसात होते आणि रोज जायचे-यायचे ते माझ्या सासऱ्यांच्या मॉरिस मायनरमधून. पोर्तुगीज अमदानीत घेतलेली छोटी गोलमटोल गाडी. दिसायला गरीब गाय, पण आवाज असा की काजूंच्या झाडांवरची माकडं पळायची.

तो आवाज मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, स्वतःच्या हाताने घडवला होता. पोर्तुगीज गेले आणि मॉरिसचे सुटे भाग मिळेनासे झाले. सायलेन्सर गंजून फुटला तेव्हा मामंजींनी दूध पावडरीच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर गुंडाळला, तारेने आवळला आणि वर्षानुवर्षं तोच चालवला. गाडी किती माणसं घेऊन येतेय ते आपल्या घराच्या चढावर नुसत्या आवाजावरून कळतं, असं ते छातीठोक सांगायचे. आम्ही हसायचो. सासूबाई हसायच्या नाहीत. खाली वळणावर आवाज आला की त्या चहाचं आधण ठेवायच्या आणि गाडी चढ चढेपर्यंत कान देऊन कप मांडायच्या. त्यांचे कप कधी चुकले नाहीत. मामंजी उतरायचे ते बाजारातून आणलेला अबोलीचा वळेसर हातात घेऊन. तो सासूबाईंच्या केसांत माळला जाईपर्यंत ते चहाला शिवायचे नाहीत.

राज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षी फेब्रुवारीत मामंजी गेले. गाडी यशवंत चालवू लागले आणि सासूबाईंचे हाल सुरू झाले. तिन्हीसांजेला वळणावर फट् फट् आवाज आला की त्या उठायच्या. क्षणभर सगळं विसरायच्या. हसत दारात जायच्या. गाडीतून मुलगा उतरायचा, आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघवत नसे. जेवण सुटलं, बाई अर्धी झाली. मला त्यांची फार माया होती, सख्ख्या आईपेक्षा जास्त. मीच यशवंतांना म्हटलं, हा आवाज बंद करा, नाहीतर तो आईंना घेऊन जाईल.

डिचोलीच्या गॅरेजातला भैरू मूळचा बेळगावकडचा, खाणीच्या ट्रकांचे सायलेन्सर जोडणारा. त्याने इंजिन चालू ठेवून नळीच्या तोंडाशी फडक्याचा बोळा दाबला आणि धूर कुठून कुठून फुसफुसतो ते कान लावून शोधलं. सांधे बुजवले. आत काचेची लोकर भरलेला नवा सायलेन्सर बसवला, त्याच्यामागे आणखी एक छोटा. नळी गाडीच्या पत्र्याला आपटू नये म्हणून ती जुन्या टायरच्या पट्ट्यांनी टांगली.

"आता झोपलेलं कुत्रंबी उठायचं न्हाई बगा," तो म्हणाला. मग काढलेला जुना डबा पायाने सरकवत त्याने विचारलं, "ह्यो न्हेता, का ऱ्हाऊ दे हितंच?"

"राहू दे," मी म्हटलं. "गंज घेऊन काय करायचंय?"

आमच्याकडे रीत आहे. माणूस गेला की वर्षश्राद्ध होईपर्यंत त्याची वस्तू घराबाहेर द्यायची नाही. सासूबाईंनी मामंजींची छत्री, चष्मा, तपकिरीची डबी, सगळं जागच्या जागी ठेवलं होतं. मीही ती रीत पाळत होते. पण त्या गंजक्या डब्याला कोणी मामंजींची वस्तू म्हणेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

परतताना गाडीत बसून रातकिडे ऐकू येत होते. अंगणात शिरलो तरी दारात कोणी आलं नाही. मला हायसं वाटलं. आत गेले तर सासूबाई शांत बसलेल्या. समोर दोन कप, एक अर्धा, एक रिकामा.

"तुमी आता इलात?" त्या म्हणाल्या. "ते कवाच येवन गेले. चाय घेतल्यानी."

"कोण, आई?"

"गाडयेचो आवाज आयकलंय मगे," त्या हसून म्हणाल्या.

मी रिकाम्या कपाला हात लावला. तो अजून गरम होता.

यशवंत म्हणाले, मनाचे खेळ आहेत. मीही तेच म्हटलं. सोमवारी मात्र मी दिवा लावत होते, यशवंतांना यायला अवकाश होता, आणि खाली वळणावर आवाज आला... फट्, फट्, फट्. सैल पत्र्याची तीच थरथर. आवाज चढाला लागला, जड झाला, अंगणात आला आणि थांबला. मी दारातून पाहिलं. अंगण रिकामं होतं. तुळशीपलीकडे गाडीच्या रोजच्या जागेवरून, तापलेलं लोखंड निवताना करतं तसं, टिक... टिक... ऐकू येत होतं. पेट्रोलचा वास होता, आणि त्यात तपकिरीचा.

आत सासूबाईंनी कप मांडला.

त्या रात्री त्या पोटभर जेवल्या. पुढे रोज जेवू लागल्या, माझी थट्टा करू लागल्या. मी यशवंतांनाही हे सांगितलं नाही. म्हटलं, भुताच्या निमित्ताने का होईना, बाई खातेय ना. मग एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली.

"सरस्वती, माजा हिरवा लुगडा काड गो. उद्या माका नेतले म्हणाले ते."

"खंय, आई?"

"गाडयेन," त्या म्हणाल्या.

मी यशवंतांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी उठून आधी दाराला कडी घातली.

"रोज वळणावर माझ्यापुढे कोणीतरी असतं," ते हळूच म्हणाले. "दिसत नाही... फक्त धूर असतो."

घरातून गेलेली वस्तू घरात आणायची, एवढंच आम्हाला सुचलं. दुसऱ्या दिवशी यशवंत भैरूकडे गेले. मी रजा काढून सासूबाईंपाशी बसले. त्यांनी हिरवं लुगडं नेसलं होतं. ऊन उतरलं, अंगणात काळोख दाटला, आणि वळणावर आवाज आला.

यशवंत असतील... की ते? मी सासूबाईंचा हात घट्ट धरला. आवाज चढावर आला, जवळ आला. आणि तुळशीवर गाडीच्या दिव्यांचा उजेड पडला. माझा जीव भांड्यात पडला. हात सोडून मी अंगणात धावले.

यशवंत किल्ली हातात घेऊन उभे होते. चेहरा पांढराफटक.

"बसवला ना जुना?"

"बसवला. भैरूने तो गॅरेजबाहेर टाकला होता. म्हणाला, सांज झाली की आपोआप तापायचा." त्यांनी मागे वळून गाडीकडे पाहिलं. "पण सरस्वती, वाटभर गाडी मुकीच होती. आवाजच आला नाही..."

"मग मी आत्ता ऐकला तो?"

त्यांनी उत्तर द्यायच्या आत, आमच्या शेजारीच, रिकाम्या अंगणात इंजिन सुरू झालं. फट् फट् आवाज तुळशीला वळसा घालून रस्त्याला लागला आणि घरावरून वर, डोंगरमाथ्यावरच्या सड्याकडे चढू लागला. जड, दमत दमत. यशवंत कान देऊन उभे होते.

"दोघं आहेत," ते पुटपुटले.

आत सासूबाई भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. गेल्या होत्या. फेब्रुवारीपासून फूल न शिवलेल्या त्यांच्या केसांत अबोलीचा वळेसर होता, पाणी शिंपडलेला, ताजा.

मॉरिस तेव्हापासून पडवीत विटांवर उभी आहे. जुना डबा तिच्याच खाली आहे. घराबाहेर मी परत काही जाऊ दिलं नाही आणि आवाजही परत आला नाही. आता यशवंत गेले. तू त्यासाठीच तर आलीस.

परवा तिन्हीसांजेला मी दिवा लावत होते. वळणावर आवाज आला, चढाला लागला, जड झाला. मी उठले नाही. मामंजी सांगायचे तसं नुसतं कान देऊन ऐकलं. तिघं होते.

मी आत जाऊन तेवढे कप मांडले. मॉरिसमध्ये चौघं आरामात बसतात.