दोन दारांवरचे बगळे

सुनयना पहिल्यांदा आली ती फळीचा तुकडा मागायला. जैनथच्या स्टँडमागं पंकज आणि त्याची मोठी बहीण रश्मीताई यांचं फर्निचरचं शेड. डिझाइन दोघांचं, घडवायचेही दोघंच.

"लेकरांच्या पुस्तकातली चित्रं काढते मी. कागद ताणायला पाहिजे होतं काही," ती म्हणाली.

पंकजनं तुकडा दिला. तिनं त्याच्यावर तिथंच पेन्सिलीनं एक बगळा काढला... आणि पंकजचं काम त्या दिवशी काही पुढं सरकलं नाही.

मग ती आदिलाबादहून रोज यायला लागली. हे दोघं कपाटं बनवायचे, ती रंगवायची.

"काठाला जागा सोडत जा," पंकज सांगायचा. "पावसात लाकूड फुगते."

"मला चित्र शिकवून राह्यला का?"

"लाकूड कसं वागते ते सांगून राह्यलो."

"अन् मी कशी वागते, ते समजते का?"

पंकज खाली बघून रंधा मारत राहायचा. कान लाल.

शेवटचं कपाट मंचेरियलच्या गिऱ्हाइकाचं. दोन दारांवर दोन बगळे, चोचीला चोच टेकलेली. जागा तिनं सोडलीच नव्हती. श्रावणात आभाळ काही उघडेना. दारं फुगली, लागेनात.

गिऱ्हाईक यायच्या दिवशीच सुनयना निरोप घ्यायला आली. हैदराबादला नोकरी लागली होती.

"रंधा मार अन् मोकळा हो," रश्मीताई म्हणाली. "गिऱ्हाईक येऊन राह्यलं."

रंधा मारला की चोची जाणार. पंकजनं रंधा उचलला... परत ठेवला.

"काऊन थांबला?" सुनयनानं हळूच विचारलं. बॅग खांद्यालाच.

"ऊन पडलं की... आपोआप लागंल दार."

"बस? एवढंच?"

"...हो."

ती गेली. दार लागत नाही म्हणून गिऱ्हाईकही कपाट न घेता गेलं.

थंडीत, कापसाची वेचणी सरता सरता, तिचा फोन आला.

"दार लागते का आता?"

"लागते. लाकूड सुकलं."

"अन् चोची?"

"मधात फट पडली."

"भरून टाक ना. माझा पांढरा रंग तिथंच आहे."

"मला नाही जमत. तू ये — नुसतं रंगवायला नाही. राहायला ये."



"हे त्या दिवशी बोलला असता, तर मी बॅग खाली ठेवली असती," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात पाव्हणे येऊन गेले. मी हो म्हणून बसली रे."

फोन ठेवून पंकजनं कपाटाचं दार लावलं. अलगद लागलं. दोन चोचींच्या मधात त्यानं करंगळीचं नख घातलं.

सहज गेलं.