काळं कव्हर

लेकीच्या नंबरच्या काळ्या कव्हरातून आईच्या नावाची औषधाची रिकामी पिशवी निघाली, आणि काकांनी सिस्टरला बोलावलं. वॉर्डात फार्मासिस्टला सगळे काकाच म्हणत.

मायलेकींना एकच कॅन्सर. दोघी नव्या औषधाच्या एकाच चाचणीत. कोणाला कोणतं औषध, याची चिठ्ठी कॉम्प्युटरने टाकली; नवं आईला निघालं, जुनं लेकीला; हे फक्त काकांना ठाऊक. औषध तेच, पण नव्यात ते डोळ्यांना न दिसणाऱ्या चरबीच्या कणांत भरलेलं. ते कण थेट गाठीत जाऊन रिते होतात, केसांना फारसे छळत नाहीत, तळहात मात्र सोलतात; दोघींना हे आधीच सांगितलेलं होतं.

"कव्हर उघडून नाव पाहिलंस?" काकांनी सिस्टरला विचारलं.

"उजेड लागतो, उघडू नकोस, असं तुम्हीच बजावलंत. मी वरचा नंबर बघते."

"सलाईन जोडण्याआधी कुठे गेलीस?"

"हातमोजे आणायला. दोन मिनिटं." तिने रिकामी पिशवी पाहिली. "माझी नोकरी जाईल हो, काका."

काकांनी जुने कागद काढले. पहिल्या डोसनंतर आईचे तळहात लाल, लेकीचे केस फणीत. तिसऱ्यानंतर सगळं उलटं. लेकीची गाठ निम्म्यावर आली होती. आईची दुप्पट झाली होती.

ते खाटांपाशी गेले. इंजेक्शनच्या गुंगीत लेक झोपली होती. आई डोक्याला रुमाल बांधून तिच्या सोललेल्या हाताला मलम लावत होती.

"ताई, कव्हरं तुम्ही बदललीत," काका हळूच म्हणाले. "पहिल्या डोसनंतर स्वतःचे हात पाहिलेत, हिचे केस पाहिलेत आणि नवं औषध तुम्हाला मिळतंय हे ओळखलंत. दुसऱ्यापासून सिस्टर हातमोजे आणायला गेली की अदलाबदल. संपल्यावर कव्हरं पुन्हा जागच्या जागी. पण आज विसरलात."

"विसरले नाही." तिने मलमाचं झाकण लावलं. "पुढे कधी उघड झालं तर त्या सिस्टरवर आळ नको, म्हणून तशीच ठेवली. कबुली लिहून घ्या, कुठे सही करू?"

"अहो, आधी कळलं असतं तर थांबवलं असतं मी."

"म्हणूनच आधी कळू दिलं नाही. आज शेवटचा डोस होता ना? आता खुशाल लिहा. फक्त हिला सांगू नका, जन्मभर जिवाला लावून घेईल."

काकांनी कबुली लिहून कागद पुढे केला, तिने सही केली.

लेकीने डोळे किलकिले केले. "आई, झालं का गं तुझं?"

"झालं, बाळा," आई म्हणाली. "नीज तू."