बारा माणसं, अकरा चौकोन

मनिषा मॅडमनी पुण्यात बसून चिठ्ठ्या टाकल्या आणि वर्षअखेरच्या ऑनलाइन पार्टीचं काम दोघांच्या गळ्यात पडलं. नांदेडची पंचशीला आणि चाकूरजवळच्या एका गावातला आदिनाथ. दोघं दीड वर्ष एकाच टीममध्ये होते, पण आपापल्या घरून काम करणाऱ्यांची ओळख ती काय असणार! तिला त्याचं एकच वाक्य पाठ होतं — "तुमचा माइक बंद आहे."

मग रोज संध्याकाळी सहाला फोन सुरू झाले. हाउजी खेळायची की अंताक्षरी, बारा जणांच्या घरी चिवड्याचे डबे कसे पोचवायचे... दहा मिनिटांचं काम तास-तास चालायला लागलं. त्याचा आवाज इतका निवांत, की पंचशीला ठरलेल्या गोष्टीही पुन्हा ठरवायला घ्यायची. आरशात बघून, केस सारखे करून फोन उचलायची — आणि फोन साधा, व्हिडिओ नव्हेच!

पार्टी शुक्रवारी, एकोणीस डिसेंबरला, दुपारी एक वाजता ठरली. मॅडमनी तारीख पक्की केली तेव्हा कुठे आदिनाथ बोलला.

"त्या दिवशी आमच्याकडं वेळ अमावस्या हाय. घराला कुलूप लावून सगळे शेतात. कडब्याची खोपटावानी कोप करायची, पूजा करायची, आंबील प्यायची, सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी खायची. मला लॅपटॉप घेऊन शेतातच बसावं लागंल."

"मला एकदा बघायचंय ते," ती म्हणाली.

"अजून बघितलंच न्हाई?"

"आमचं शेत नाही. बाबा रेल्वेत होते. आणि... आम्हाला कोण बोलावणार?"

ती हे हसत म्हणाली होती. पण कुणाच्या शेतात कुणाला जेवायला बोलावतात आणि कुणाला नाही, हे त्या दोघांना वेगळं सांगायची गरज नव्हती. "उद्या बोलू," म्हणून त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी नुसती डब्यांची यादी आली. पंचशीलाला आधी स्वतःचा राग आला. तो इतका आवडायला लागला होता, तर तोंड आवरायचं होतं ना! मग त्याचाही राग आला, आणि तो रडू येईपर्यंत टिकला.

बुधवारी सहाला फोन वाजला.

"मी त्याच दिवशी तुला ये म्हणलो असतो," आदिनाथ म्हणाला. 'तू' पहिल्यांदाच. "पण मी बोलावलं तर तू ऑफिसची पाहुणी. मला तसं नको होतं... दोन दिवस घरच्यांशी बोलत होतो. थांब, आईला देतो."

थोडी खुडबुड झाली. मग एका बाईचा मोकळा आवाज आला.

"पंचशीला न्हवं का? शुक्रवारी आमच्या शेतात जेवायला ये, बाई. आईबापाला बी आण. भज्जी लई करते मी."

हसावं की रडावं, पंचशीलाला कळेना. तिनं दोन्ही केलं.

शुक्रवारी तिघं एस.टी.नं निघाले. फाट्यावर आदिनाथ उभा होता. इतके दिवस मीटिंगमध्ये खांद्यापर्यंतच दिसायचा. आता चपलांवरच्या धुळीसकट सगळाच समोर. तिला एक शब्द सुचेना.

"तुमचा माइक बंद आहे," तो हळूच म्हणाला.

एक वाजता कोपीजवळ, दोन हातांच्या अंतरानं, दोघांनी आपापला लॅपटॉप उघडला. पंचशीलानं सगळ्यांचं स्वागत केलं आणि तिचाच आवाज घुमून परत आला — स्वागत... स्वागत...

"दोन लॅपटॉप जवळ असले की असं घुमतं," अकोल्याचा प्रीतम म्हणाला. "कोण कुणाजवळ बसलंय?"

सगळे शोधायला लागले. पडद्यावरच्या दोन चौकोनांत एकच कोप होती, मागं एकच ज्वारी, आणि आंबिलीचं मडकं घेऊन एकच बाई दोन्हींतून गेली.

"एक बंद करावा लागंल," आदिनाथ म्हणाला.

"कुठला?"

"तुझा. माझ्यात जागा हाय... आज बी, पुढं बी."

पुढं बी... पुढं बी... सगळ्या टीमनं ते दोनदा ऐकलं. आदिनाथ कानापर्यंत लाल झाला. पंचशीलानं वळून पाहिलं. तिची आई पोरगी कधी हसते याची वाट बघत होती, आणि बाबा तिसऱ्यांदा भज्जी वाढून घेत होते.

तिनं आपला लॅपटॉप मिटला.

"अरे, अकराच दिसताहेत," मनिषा मॅडम म्हणाल्या. "पंचशीला कुठे गेली?"

ती सरकून आदिनाथच्या चौकोनात आली. खांद्याला खांदा लागला, आणि कुणीच मागं सरलं नाही.

"इथंच आहे, मॅडम," ती म्हणाली. "आता इथंच असेन."