पाच ते साडेपाच

शाळेच्या फुटबॉल संघाचे पांढरे शर्ट मशीनमधून गुलाबी होऊन निघाले, तेव्हा लॉण्ड्रीवालीला रडू नाही आलं, राग आला. स्वतःचाच. पांढऱ्या कपड्यांत लाल टॉवेल जाऊ द्यायचा नाही, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, मशीन भरताना डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि टॉवेल गेला तो गेलाच.

नेमका तेव्हाच शाळेचा खेळाचा मास्तर दारात उभा राहिला. नवीनच आलेला, गळ्यात शिट्टी.

"हे काय आहे?"

"शर्ट."

"उद्या सामना आहे हो आमचा. वाढदिवस नाही कुणाचा."

"सकाळपर्यंत पांढरे करून देते. आता डोकं खाऊ नका."

"तुम्हीच काहीतरी खा. शर्टांचा सगळा पांढरा रंग तुमच्या चेहऱ्यावर गेलाय."

एरवी ती हसली असती. पण आज तिने शर्ट ओढून घेतले आणि पाठ फिरवली.

सामना झाला, तरी मास्तर येतच राहिला. रोज एक कपडा घेऊन. कधी टी-शर्ट, कधी नुसता रुमाल... आणि कपड्याबरोबर सल्ला फुकट.

"पाणी पीत जा. मान अशी फिरवा. दिवसातला अर्धा तास तरी स्वतःला द्या."

"सल्ला देणाऱ्यांची रांग मोठी आहे. शेवटी जाऊन उभे राहा."

"राहतो की. रांग तुमच्याच दारात आहे ना?"

तिने इस्त्री जोरात दाबली. वाफ भसकन वर आली, बरं झालं, नाहीतर ओठांचा कोपरा हललेला त्याला दिसला असता.

रांगेचं मात्र तिने खोटं सांगितलं नव्हतं. 'जिवाला जप गं' म्हणत वहिनीने तिला पाण्याची छान बाटली आणून दिली, सोबत पडद्यांचं गाठोडं. दादा सकाळी व्यायामाचे व्हिडिओ पाठवायचा आणि दुपारी उशांचे अभ्रे. आई म्हणायची, लवकर झोपत जा. म्हणायची कधी, तर मोरीत भांड्यांचा ढीग पडलेला असताना. काळजी सगळ्यांना होती, हातभार लावायला कुणाला सवड नव्हती.

"दुकानामागेच आमचं मैदान आहे," एकदा मास्तर म्हणाला. "पाचला या. नुसतं चालू."

काय वाटलं कोण जाणे, ती गेली. मग दुसऱ्या दिवशीही गेली. गवतावर कलतं ऊन, लांबवर पोरांचा गलका, आणि शेजारी हा, अधूनमधून बाहीला बाही लागली की उगाच घसा खाकरणारा. पाय उभं राहण्याखेरीज दुसऱ्या कामाचेही असतात, हेच तिला नव्याने कळत होतं. साडेपाचला परत येताना अंग हलकं व्हायचं. चार वाजले की नजर घड्याळाकडे जायला लागली.

आणि मग दुकानाचा हिशेब बघणाऱ्या दादाने हॉटेलच्या चादरींचं काम घेतलं. गाडी येणार रोज पाचला. तिला विचारलं? छे. "तुझ्यासारखं काम दुसऱ्या कुणाला जमतं का गं," एवढं गोड बोलून तो मोकळा झाला.

तिने ते मास्तरला सांगितलं. त्याने चुटकी वाजवली.

"हात्तिच्या, एवढंच ना? मग पहाटे साडेचारला चालू. एकदा सवय लागली की..."

तिने इस्त्री धाडकन खाली ठेवली.

"माझ्या झोपेतूनच वेळ का काढता हो सगळे? दादाच्या पाचला हात लावायचा नाही, हॉटेलच्या पाचला लावायचा नाही. माझेच पाच तेवढे रबराचे. पाणी पी, चाल, झोप. आणि तेवढा वेळ इस्त्री कोण फिरवणार, हे एकाही शहाण्याने सांगितलं नाही. मला वाटलं होतं, तुम्ही वेगळे आहात."

"माझं चुकलं, मी—"

"आणि ते धुतलेले कपडे आणणं बंद करा. वास कळतो मला. पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी एकही धुतला नाही, नुसते टांगून ठेवायची."

मास्तर कानापर्यंत लाल झाला. "मग... घेत का होतात?"

उत्तर तिच्याकडे होतं. पण इतक्या रागात असलं काही सांगता येतं होय?

"जा तुम्ही," ती म्हणाली. तो गेला.

दुसऱ्या दिवशी पाचला गाडी आली, तेव्हा दादा गल्ल्यावर बसला होता. तिने हात धुतले, एप्रन खुंटीला अडकवला.

"दादा, चादरी उतरवून घे."

"मी? आणि तू कुठे चाललीस?"

"बाहेर. अर्ध्या तासाने येईन."

"काम काय आहे पण?"

"काही नाही."

"काही नाही तर मग थांब की—"

ती मागच्या दाराने निघूनही गेली होती. मैदानाच्या कडेला मास्तर पायरीवर एकटाच बसला होता. तिला पाहून धडपडत उठला.

"चालायचं?"

"नाही. आज मला नुसतं बसायचंय."

ती बसली. तो उभाच. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत, सोडवत.

"मी... यापुढे काही शिकवणार नाही तुम्हाला. फक्त एक विचारू? इथे बसलो तर चालेल?"

"बसा. पण गप्प बसा."

तो बसला आणि खरंच गप्प राहिला. तिचा श्वास हळूहळू खाली आला. तेवढ्यात फोन वाजला. दादा. तिने एकदा मास्तरकडे पाहिलं. तो हूं की चूं न करता समोर बघत होता. तिने फोन उचलला.

"अगं, चादरी ठेवू कुठे? आणि तू आहेस कुठे? करतेयस काय?"

"बसलेय."

"बसलेयस? कुणाबरोबर?"

"ज्याच्याबरोबर बसावंसं वाटतं त्याच्याबरोबर," ती म्हणाली. "आणि दादा, उद्यापासून रोज बसणार आहे."